बार्शी लाईट : अरुंद रुळांचा लांब प्रवास

(व्याख्यानमालेतील भाषणाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



आजचा विषय आहे बार्शी लाईट रेल्वे. सभागृहात बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, लातूर या भागातली पुष्कळ मंडळी दिसतायत. तुमच्यापैकी कित्येकांनी या गाडीतून प्रवास केलेला असणार. त्यामुळे माझी थोडी पंचाईत आहे. इतिहास मी सांगायचा, आणि साक्षीदार समोर बसलेले! काही चुकलं तर शेवटी कान धरा.

सुरुवात एका गैरसमजापासून करतो, तोही माझ्याच. लहानपणी घरात मोठी माणसं बोलायची, "बार्शी लाईटनं गेलो, बार्शी लाईटनं आलो." मला वाटायचं, या गाडीला काहीतरी खास दिवा असणार. लाईट म्हणजे दिवा, एवढंच आम्हाला ठाऊक. खूप पुढे कळलं, की इथल्या 'लाईट'चा अर्थ हलकी. हलकी रेल्वे. आणि हा एक शब्द नीट समजला, की या रेल्वेचा अर्धा इतिहास समजतो. तिचं हलकं असणं हीच तिची सगळी हुशारी होती आणि पुढे जाऊन तीच तिची अडचण ठरली. आज मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. आणि त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे : अशी रेल्वे संपल्यावर आपण तिचं नेमकं काय जपायचं? एखादं इंजिन रंगवून चौथऱ्यावर ठेवलं, की झालं का?

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू. जीआयपी रेल्वे, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, पुण्याहून सोलापूरकडे सरकत होती. १८५९ साली ती आजच्या कुर्डुवाडीपर्यंत पोचली आणि १८६० साली सोलापूरला. कुर्डुवाडीच्या स्टेशनचं त्या काळचं नाव काय होतं? बार्शी रोड. आता 'रोड' हे शेपूट ज्या स्टेशनला असतं, त्याचा अर्थ प्रवाशांना बरोबर कळतो. गाव इथं नाही, गावाला जाणारा रस्ता इथं आहे. बार्शी तिथून पस्तीसेक किलोमीटर लांब.

आणि बार्शी म्हणजे काही लहानसहान गाव नव्हतं. "बार्शी तिथं सरशी" असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. भगवंताचं गाव, आणि बालाघाटाच्या पायथ्याची मोठी पेठ. वरच्या अंगाला निजामाचा मुलूख. तिथला कापूस, तेलबिया, धान्य घाट उतरून बार्शीला यायचं, आणि बार्शीहून बैलगाड्यांनी बार्शी रोडला. पावसाळ्यात काळ्या मातीतला रस्ता कसा होतो हे तुम्हाला मी सांगायला नको. गाडी रुतली की रुतली. म्हणजे मुंबईपर्यंतचे चारशे किलोमीटर माल आगगाडीनं निवांत जाणार, पण आधीच्या पस्तीस किलोमीटरला त्याचा जीव जाणार. ही अडचण एका माणसाच्या डोळ्यात भरली.

त्या माणसाचं नाव एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप. जन्म १८५७. इंग्लंडमध्ये रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी केलेला इंजिनियर. १८८२ साली तो जीआयपीमध्ये इंजिनांचा इन्स्पेक्टर म्हणून भारतात आला. मुख्य लाईनला जोडणाऱ्या छोट्या, स्वस्त फाट्यांची कल्पना त्याच्या डोक्यात बसली आणि बार्शी त्याला त्यासाठी आदर्श जागा वाटली. पण सरकारदरबारी परवानग्या, भांडवल, करारमदार यांत बरीच वर्षं गेली. अखेर १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली, आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी टाऊन हा पहिला टप्पा सुरू झाला. रुळांमधलं अंतर किती? दोन फूट सहा इंच. आपल्या ब्रॉडगेजचं पाच फूट सहा इंच. म्हणजे निम्म्याहूनही कमी.

आता थोडं तंत्राकडे जाऊ. घाबरू नका, गणित पाचवीच्या पुढचं नाही.

रेल्वे बांधायचा खर्च कशावर ठरतो? रूळ किती जाड, स्लीपर किती, पूल किती भक्कम, यावर. आणि हे सगळं कशावर ठरतं? गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही. एका अ‍ॅक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, किती भार येतो त्यावर ठरतं. कारण रुळाच्या एका बिंदूवर एका वेळी एकच चाक उभं असतं. आता बहुतेक छोट्या रेल्वेंमध्ये व्हायचं असं, की इंजिन जड आणि मालाच्या वाघिणी हलक्या. रूळ घालायचे ते इंजिनाच्या भाराला पुरतील असे जाड. आणि मग त्या जाड रुळांवरून दिवसभर जायच्या हलक्या वाघिणी. म्हणजे रुळाची निम्मी ताकद फुकट. कॅलथ्रॉप म्हणाला, असं का करायचं? इंजिन असो, डबा असो, वाघीण असो, प्रत्येक अ‍ॅक्सलवर भार सारखाच ठेवू. त्यानं आकडा धरला पाच टन.

या एका आकड्यातून सगळी रेल्वे उभी राहिली. यार्डाला तीस पौंड वजनाचे रूळ पुरले. आजच्या भाषेत मीटरला पंधरा किलो. आज आपल्या मुख्य मार्गांवर मीटरला साठ किलोचे रूळ असतात, म्हणजे चौपट. इंजिन ओढायला जोर तर हवा, पण एका अ‍ॅक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. मग काय करायचं? चाकं वाढवायची. लीड्सच्या किटसन कारखान्यानं बार्शीसाठी जी पहिली इंजिनं बनवली, त्यांना एकमेकांना दांड्यानं जोडलेली आठ चाकं आणि मागे आणखी चार. एकूण सहा अ‍ॅक्सल. सहा पंचे तीस, म्हणजे वजन तीस टनांच्या आत राहणार, पण जोर मात्र आठ चाकांचा. वाघिणींना चार अ‍ॅक्सल, म्हणजे भरलेली वाघीण वीस टन. त्या विसात वाघिणीचं स्वतःचं वजन जितकं कमी, तितका माल जास्त. म्हणून त्यानं लाकडी सांगाडा सोडून साच्यात दाबलेल्या पोलादी पत्र्याची चौकट वापरली.

आणि हा गृहस्थ जाहिरातीतही कमी नव्हता. गाड्या बोटीवर चढवायच्या आधी त्यानं लीड्सजवळ न्यूले इथं तात्पुरते रूळ टाकले, त्यावर बार्शीचं इंजिन आणि डबे चालवून दाखवले आणि इंजिनियर मंडळींना बोलावलं. विचार करा, बार्शीची गाडी बार्शीत यायच्या आधी इंग्लंडात धावली होती! पुढे बार्शीचा दाखला देऊन त्यानं वेस्ट इंडिजमधल्या बार्बाडोसची रेल्वे याच अडीच फुटी गेजवर आणली. आणि इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी रेल्वे १९०४ साली सुरू झाली, तीही त्याचीच. तिकडची इंजिनं बघाल तर हसू येईल. वसाहतीतल्या इंजिनांना असतात तसे मोठाले दिवे पुढे लावलेले. इंग्लंडच्या त्या दरीत आठ मैलांच्या लाईनीवर एवढा दिवा कशाला हवा होता? पण नमुना बार्शीचा, म्हणून दिवाही बार्शीचा. म्हणजे बघा, माझ्या लहानपणीच्या गैरसमजातही थोडं तथ्य निघालं.

आता आपल्या लाईनीकडे परत येऊ.

१९०६ साली कुर्डुवाडीहून दुसऱ्या दिशेला पंढरपूरपर्यंत रूळ गेले. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. त्याआधी मुंबई-पुण्याहून गाडीनं येणारा भाविक बार्शी रोडला उतरायचा आणि पुढचे पन्नासेक किलोमीटर चालत किंवा बैलगाडीनं जायचा. आता गाडी थेट चंद्रभागेच्या अंगणात. पायी वारी करणारे वारकरी पायीच येत राहिले, तो त्यांचा नेमच. पण परतीच्या वाटेला, आणि ज्यांना चालणं शक्य नाही अशांना, ही गाडी म्हणजे मोठा आधार झाला. आषाढीला एवढी गर्दी, की प्रवासी डबे कुठून पुरणार? मग मालाच्या वाघिणीत माणसं बसायची. कॅलथ्रॉपच्या त्या एकसारख्या अ‍ॅक्सलच्या हिशेबाचा इथं उपयोग झाला. जी वाघीण आज कापसाच्या गाठी नेते, ती एकादशीला माणसं नेते. कंपनीच्या दृष्टीनं हा उत्तम धंदा. प्रवाशाच्या दृष्टीनं कसा होता, हे त्या वाघिणीत उभं राहून आलेल्यांनाच विचारायला हवं होतं. मी हे मुद्दाम सांगतोय. जुन्या रेल्वेच्या गोष्टी सांगताना आपण फार लवकर गोड होतो. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाची धग त्यात हरवते.

दुसऱ्या टोकाला बार्शीपुढे पांगरी, मग रामलिंगचा घाट चढून येडशी, तडवळे, ढोकी, मुरूड असं करत १९११ साली गाडी लातूरला पोचली. पांगरी आणि येडशीच्या मध्ये नुसता घाट नव्हता, तिथं राज्याची हद्द होती. खाली मुंबई इलाखा, वर हैदराबाद संस्थान. वरच्या मुलखाचं नाणं वेगळं, हाली सिक्का. जकातीचं खातं वेगळं, त्याला म्हणायचे करोडगिरी. एका कंपनीची, एका गेजची गाडी दोन राजवटींमधून चालली होती. मराठी बोलणारी माणसं दोन्ही बाजूंना, पण राज्य निराळं. मराठवाड्याचा हा कोपरा सोलापूर-पुणे-मुंबईशी ज्या धाग्यांनी जोडलेला राहिला, त्यांतला एक धागा म्हणजे हे अडीच फुटांचे रूळ.

लातूरचं काय झालं बघा. १९११ साली गाडी आली आणि १९१७ साली तिथं गंजगोलाई उभी राहिली. मधोमध गोल बाजार आणि त्याला चारी बाजूंनी येऊन मिळणारे रस्ते. आजही लातूरची ओळख तीच. नुसत्या रेल्वेमुळे गंजगोलाई झाली असं मी म्हणणार नाही, इतिहासात असं एकाच कारणाला धरून बसू नये. पण माल बाहेर जायची सोय नसती, तर एवढा गोल बाजार आखायची हिंमत कुणी केली असती का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

शेवटचा टप्पा दक्षिणेकडचा. पंढरपूर, सांगोला, ढालगाव, कवठे महांकाळ आणि मिरज. ही लाईन पुरी झाली १९२७ साली. लातूर ते मिरज मिळून एकूण २०२ मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर. योगायोग असा, की त्याच १९२७ साली मार्च महिन्यात कॅलथ्रॉप वारला. या माणसाचं उत्तरायुष्य मोठं विलक्षण. अरबी घोड्यांचा तो नादिष्ट होता, घोड्यांवर त्यानं पुस्तक लिहिलं. आणि १९१० साली विमान अपघातात चार्ल्स रोल्स गेल्यावर, म्हणजे रोल्स-रॉईसमधले रोल्स, त्यांचा हा मित्र, तो पॅराशूटच्या मागे लागला. वैमानिकांसाठी त्यानं 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट बनवलं. वजन आणि भार यांचा हिशेब काही सुटला नाही. आधी रुळांवर, मग हवेत.

इथपर्यंत सगळं कौतुक झालं. आता दुसरी बाजू.

माझे आजोबा कुर्डुवाडीला मालधक्क्यावर कारकून होते. रेल्वे म्हटली की लोकांना इंजिनाची शिट्टी आठवते. आजोबांना आठवायचे हमाल. कारण कुर्डुवाडीचं खरं काम काय, तर लहान गाडीतलं पोतं उचलून मोठ्या गाडीत टाकणं. दोन गेज जिथं भेटतात, तिथं माणसाची पाठ मध्ये येते. लातूरहून निघालेलं तुरीचं पोतं कुर्डुवाडीला उतरणार, पाठीवरून पलीकडे जाणार, पुन्हा चढणार. त्यात वेळ जाणार, गळती होणार, हमाली लागणार, आणि पावसाळ्यात भिजणार ते वेगळंच. आजोबा म्हणायचे, "कंपनीनं रूळ स्वस्तात घातले, आणि राहिलेले पैसे शेतकऱ्याच्या पोत्यातून वसूल केले." हे वाक्य हिशेबाच्या वहीत बसणार नाही, पण त्यात खोटं फारसं नाही. स्वस्त रूळ घातले म्हणून बार्शीला रेल्वे आली, नाहीतर ती आणखी कित्येक वर्षं आली नसती, हे खरं. आणि तेच स्वस्त रूळ शंभर वर्षं तसेच राहिले म्हणून हा भाग मागे पडला, हेही खरं. कॅलथ्रॉपची युक्ती १८९७ सालासाठी उत्तम होती. ती २००० सालापर्यंत चालवली, हा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही.

१९५४ साली सरकारनं कंपनी विकत घेतली आणि बार्शी लाईट मध्य रेल्वेत आली. मिरजेला १९७१ मध्ये ब्रॉडगेज आलं, आणि काही काळ तिथं मोठी, मधली आणि छोटी अशी तिन्ही गेज एका गावात नांदली. पुढे वाफ गेली, डिझेल आलं. आणि या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्यानं सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. नव्या आखणीत येडशीहून लाईन वळवून उस्मानाबाद, आताचं धाराशिव, जोडून घेतलं. छोट्या गाडीच्या काळात जिल्ह्याचं गाव रेल्वेपासून लांबच राहिलं होतं, शंभर वर्षं!

म्हणून कुणी फार हळहळून म्हणालं, की "अरेरे, छोटी गाडी गेली," तर मी त्यांना विचारतो, तुम्ही तिच्यातून माल पाठवला होता का? हळहळ मलाही वाटते. पण ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता, त्यांनी मोठ्या गाडीसाठी वर्षानुवर्षं मागण्या केल्या. त्यांच्या आनंदावर आपल्या आठवणींचं पाणी टाकू नये.

मग जपायचं काय?

जगात याची काही उत्तरं शोधली गेलीत. वेल्समध्ये टालिलिन नावाची छोटी रेल्वे बंद पडायला आली, तेव्हा १९५१ साली हौशी लोकांनी ती स्वतः चालवायला घेतली. स्वयंसेवकांनी चालवलेली ती जगातली पहिली रेल्वे. आपल्याकडे १८५५ सालची 'फेअरी क्वीन' दिल्लीच्या संग्रहालयात बरीच वर्षं नुसती उभी होती. १९९७ मध्ये तिला पुन्हा वाफेवर चालवलं. दार्जिलिंगच्या गाडीला १९९९ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. म्हणजे इच्छा असली की होतं.

पण वाफेचं इंजिन चालतं ठेवणं म्हणजे काय, हे समजून घ्या. इंजिनाचा जीव बॉयलरमध्ये. त्यात आगीच्या नळ्या असतात, त्या झिजतात, गळतात, ठरावीक काळानं बदलाव्या लागतात. बॉयलरची तपासणी, दाबाची चाचणी हे सगळं कायद्यानं करावं लागतं. ते करणारा कारागीर लागतो. नळीचं तोंड ठोकून पत्र्याशी कसं घट्ट बसवायचं, हे पुस्तकात वाचून येत नाही. चित्तरंजनच्या कारखान्यातून ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन १९७० साली बाहेर पडलं, त्याचं नावच 'अंतिम सितारा'. आणि १९९५ च्या डिसेंबरात ब्रॉडगेजवरची वाफेची नेहमीची गाडी थांबली. म्हणजे ज्या फायरमननं, ज्या फिटरनं शेवटचं काम केलं, तो आज सत्तरीच्या पुढे आहे. इंजिन गंजायला पन्नास वर्षं लागतात. माणूस तेवढा थांबत नाही.

माथेरानचं उदाहरण घ्या, कारण तिथंही कॅलथ्रॉपचा हात होता. १९०७ साली सुरू झालेल्या त्या दोन फुटी रेल्वेसाठी चार इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कॉपेल कारखान्यातून आली. घाटातली वळणं इतकी आवळ, की सरळ अ‍ॅक्सलचं इंजिन वळलंच नसतं. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या चाकांना पोकळ अ‍ॅक्सल दिला. आतला दांडा जागेवर फिरतो आणि त्याच्याभोवतीची पोकळ नळी चाकांसकट थोडी तिरकी होऊ शकते. मध्ये गोल सांधा, आपल्या खांद्यासारखा. या इंजिनांनी पाऊणशे वर्षं माणसं वर नेली. त्यांतलं एक पुढे इंग्लंडला गेलं आणि तिथल्या हौशी लोकांनी जपलं. मला त्यांच्याविषयी आदर आहे. पण मनात येतंच, की माथेरानचं इंजिन बघायला विमानाचं तिकीट काढावं लागावं?

विदर्भातली 'शकुंतला' घ्या. मूर्तिजापूर-यवतमाळ लाईनीवर मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत ओढत होतं. सत्तर वर्षं! असं इंजिन चालवणाऱ्या माणसांच्या सविस्तर मुलाखती आपण किती नोंदवल्या? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो. आजोबा गेले तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, आणि मी त्यांचा आवाज एकदाही टेप केला नव्हता. घरात टेपरेकॉर्डर होता. त्यावर आम्ही गाणी ऐकत होतो.

कॅलथ्रॉपच्या त्या इंग्लंडमधल्या रेल्वेचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. ती १९३४ साली बंद पडली. दोन्ही इंजिनं भंगारात गेली. पण रुळांची जागा तिथल्या कौंटी कौन्सिलनं घेतली आणि तिची पायवाट केली. आज लोक त्या दरीतून चालत जातात. इंजिन गेलं, वाट राहिली.

आणि आता मला जे खरं सांगायचं होतं तिथं येतो.

२०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. नळाला महिना महिना पाणी नाही, टँकरपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावलेली. तेव्हा पाण्याची रेल्वे निघाली. कोट्याच्या कारखान्यात टाक्यांच्या वाघिणी वाफेनं धुऊन काढल्या, बघा, वाफ तिथंही आलीच. त्या मिरजेला आणल्या, पाणी भरलं. ११ एप्रिलला गाडी निघाली आणि १२ एप्रिलला पहाटे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर.

ती गाडी कुठल्या मार्गानं गेली? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बार्शी लाईट.

आता कॅलथ्रॉपचं गणित आठवा. एका वाघिणीत पन्नास हजार लिटर पाणी, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन पन्नास टन. चार अ‍ॅक्सलवर वाटलं तरी प्रत्येकावर साडेबारा टन, वाघिणीचं वजन वेगळंच. पाच टनांच्या त्या रुळांवर ही गाडी उभीसुद्धा राहिली नसती. गेज बदललं नसतं, तर मिरजेचं पाणी लातूरला असं आलंच नसतं. पण दुसरी बाजूही आहे. १८९७ ते १९२७ या तीस वर्षांत कापसासाठी, भाविकांसाठी, घाटावरच्या धान्यासाठी ती हलकी लाईन पडली नसती, तर रुंद करायला तरी काय होतं? कृष्णाकाठ आणि लातूर एका रेषेत आहेत, हे त्या अरुंद रुळांनी ठरवून ठेवलं होतं.

म्हणून मी म्हणतो, बार्शी लाईट मेलेली नाही. ती रोज चालते, फक्त रुंद झाली आहे. जे खरोखर नाहीसं होतंय ते वेगळंच आहे : तिकिटं, वेळापत्रकं, कामगारांचे पगाराचे कागद, लग्नाच्या अल्बममधले स्टेशनवरचे फोटो, हमालांच्या तोंडचे शब्द, घाटात गाडी अडली की चाकांखाली वाळू कशी टाकायची ही माहिती. इंजिन जरूर जपा, शक्य असेल तिथं चालतं जपा. पण चौथऱ्यावर इंजिन ठेवून फलकावर त्याचं वजन आणि साल लिहिलं, एवढ्यानं काम संपलं असं समजू नका. फलकावर हेही लिहा, की या इंजिनानं काय ओढलं, कुणासाठी ओढलं, आणि कुर्डुवाडीच्या धक्क्यावर ते कुणाच्या पाठीवरून पलीकडे गेलं.

आज घरी गेल्यावर एवढं करा. घरात कुणी रेल्वेतलं म्हातारं माणूस असेल, तर मोबाईल समोर ठेवा, रेकॉर्डिंगचं बटण दाबा आणि विचारा, "आजोबा, तुमची ड्युटी कशी असायची?" बाकी काही विचारावं लागणार नाही.



(यानंतर श्रोत्यांचे प्रश्न झाले. त्यांतले दोन इथे देत आहोत.)

प्रश्न : सर, ही गाडी इतकी हळू होती, की माणूस उतरून परत पळत चढायचा, असं आमचे वडील सांगायचे. हे खरं आहे का?

उत्तर : घाटात आणि वळणावर असेल, का नसेल! पण गंमत अशी, की भारतातल्या प्रत्येक छोट्या रेल्वेबद्दल हाच किस्सा सांगतात. दार्जिलिंगचा सांगतात, माथेरानचा सांगतात. तेव्हा किस्सा म्हणून तो ठेवू, पुरावा म्हणून नको. हां, तुमचे वडील स्वतः उतरून चढले असतील, तर मात्र त्यांचं नाव आणि साल लिहून ठेवा. मग तो इतिहास होतो.

प्रश्न : छोटी लाईन पर्यटनासाठी थोडीशी तरी ठेवायला हवी होती, असं वाटत नाही का?

उत्तर : वाटतं. रामलिंगच्या घाटातला एखादा तुकडा ठेवता आला असता, तर मला फार आनंद झाला असता. पण तुकडा ठेवणं सोपं असतं, चालवणं अवघड. रोज कोळसा कोण टाकणार, बॉयलर कोण तपासणार, तिकीट विकून खर्च निघणार का, याचं उत्तर आधी हवं. वेल्समध्ये ते लोकांनी स्वतःच्या सुट्ट्या देऊन दिलं. आपल्याकडे हात वर करायला पुष्कळ जण तयार असतात. रविवारी सकाळी सहाला येऊन राख काढायला किती जण येतील, ते आधी मोजू. पंचवीस जण भरले, तर मला जरूर बोलवा. सव्विसावा मी.